सत्तावीस नंबर हजर

"दुसऱ्याच्या नंबराला ओ देऊ नये, पोरी. मग तो नंबर आपल्या मागे लागतो."

हॉस्टेलमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला हे सांगितलं होतं. ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, वर न बघता.

मी हसले होते.

"लागू दे की मावशी. माझा अभ्यास तरी करून घेईल."

मावशी हसल्या नाहीत. बादली उचलून पुढच्या खोलीकडे गेल्या.

या पानावरच्या गोष्टी मी दोन वर्षांपासून वाचते आहे. निम्म्या रचलेल्या असतात, तेही कळतं. ही रचलेली नाही. ही माझ्यासोबत घडली, आठ वर्षांपूर्वी, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आणि रात्री नाही घडली. गुरुवारी, सकाळी दहा चाळीसच्या लेक्चरला घडली. खिडक्या सताड उघड्या होत्या. वर्गात चाळीसएक मुलं होती.

त्यातलं कोणीही आज विचारलं तर सांगेल, की तो आवाज मीच काढला होता.

मी नव्हता काढला.

आमचे सर हजेरी नंबरावर घ्यायचे. मान खाली, पेन मस्टरवर. आवाज आला की टिक. चेहरा बघायची पद्धतच नव्हती. दोन वर्षं त्यांच्यासमोर बसून मी त्यांच्यासाठी फक्त एकतीस नंबर होते.

त्यामुळे प्रॉक्सी ही आमच्याकडे रोजची गोष्ट होती. कोण कोणाची हजेरी देतं, यावरून कोणाचं कोणाशी जमतं ते कळायचं. भांडण झालं की आधी प्रॉक्सी बंद व्हायची, मग बोलणं.

सत्तावीस नंबरची प्रॉक्सी कोणी देत नसे. तिनेही कधी मागितली नव्हती.

ती आमच्याच मजल्यावर राहायची. कॉरिडॉरच्या टोकाला, बाथरूमला लागून असलेली एकटीची खोली. ती खोली कोणालाच नको असायची. तिला बारा महिने सर्दी. अंगाला कायम बामचा वास. आणि काहीही बोलण्याआधी ती दोनदा घसा साफ करायची.

"ख्हं... ख्हं... हजर, सर."

रोज. अगदी तसंच. मागच्या बाकांवर रोज खसखस पिकायची.

आम्ही तिघी एकत्र असायचो. मी, वकील आणि टाचणी. वकील म्हणजे कशावरही वाद घालणारी. टाचणी अंगाने काडी, पण पोटात विहीर. तिघींच्या खोल्या सत्तावीसच्या खोलीपासून वीस पावलांवर होत्या. ही वीस पावलं मी नंतर मोजली.

तो सोमवार होता. संध्याकाळी मी बेसिनपाशी तोंड धूत होते. आरशात मागे सत्तावीस दिसली. डोळे लाल. स्वेटरवर शाल.

"ख्हं... ख्हं... ऐक ना. मला ताप आहे. दोन दिवस माझी हजेरी देशील? माझी आधीच कमी भरलीय. परीक्षेला बसू देणार नाहीत."

"देईन की. त्यात काय."

तिने एक पातळ वही पुढे केली. तिच्या नोट्स. सगळ्या वर्गाला हव्या असायच्या, पण मागायला तिच्याशी बोलावं लागलं असतं.

"ही उतरवून घे तोवर."

मी वही घेतली. ती जाईना.

"आणि... उद्या संध्याकाळी एकदा डोकावशील का? नुसतं बघून जा. एकटीला जरा भीती वाटते तापात."

"हो गं. येते."

मी खरंच जाणार होते. मंगळवारी टाचणीच्या खोलीत गप्पा रंगल्या आणि राहून गेलं. बुधवारी वाटलं, आता ती बरीच झाली असेल.

मंगळवारी पहिल्यांदा मी तिच्या नंबराला ओ दिली.

नुसतं "हजर" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला चेव आला. मी नाक दाबलं, दोनदा घसा खाकरला आणि अगदी तिच्यासारखं म्हटलं. ख्हं... ख्हं... हजर, सर.

वर्ग फुटला. सरांनी टिक केली.

मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. आवाज मोठा म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणायचे. लेक्चर संपल्यावर तो म्हणाला, "एकतीस, तू इथे पदार्थविज्ञान शिकून फुकट चाललीस. तू नाटकात जा."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दोन दिवस झाले. सत्तावीस वर्गात आली नाही. मी हजेरी देत राहिले. मग त्याचा खेळ झाला. कँटीनमध्ये सगळे तिचा आवाज काढून बघायचे. भोंग्याला जमायचा नाही, वकीलला थोडा जमायचा. शेवटी सगळे माझ्याकडे बघायचे.

"तू काढ. तुझा ओरिजिनल आहे."

ज्या मुलांनी वर्षभर मला कधी चहाला हाक मारली नव्हती, ती आता माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायची.

मेसमध्येही तेच. सकाळच्या नाश्त्याला टेबलावर यादी असायची. नंबरापुढे टिक करायची आणि एक उकडलेलं अंडं घ्यायचं. टाचणीने बुधवारपासून सत्तावीसपुढेही टिक करायला सुरुवात केली.

"ती खात नाहीये ना? मग वाया का घालवायचं?"

"हा तात्त्विक प्रश्न आहे," वकील म्हणाली. "अंडं तिचं की टिक करणाऱ्याचं?"

"अर्धं तुझं, आता गप्प बस."

आम्ही ते अंडं तिघींत वाटून खायचो. रोज. मीठ लावून.

शुक्रवारी वही उतरवून झाली. दुपारी मी ती परत द्यायला गेले. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. बाथरूमकडून वास येत होता. कुबट, थोडा गोडसर. फुलदाणीतलं पाणी पंधरा दिवस बदललं नाही की येतो तसा.

दार आतून बंद होतं. मी वाजवलं.

काही नाही.

पुन्हा वाजवलं.

"अगं, झोपलीस का? बरी आहेस ना?"

आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. मग...

"ख्हं... ख्हं..."

मला हायसं वाटलं. उठली म्हणायची.

"वही आणलीय. घेतेस?"

मी दाराला कान लावला. आणि मग, दाराच्या अगदी जवळून, पण खालून... जमिनीच्या उंचीवरून...

"हजर, सर."

मला घाम फुटला. भीतीने नाही, लाजेने. मला वाटलं, हिला कळलं. कोणीतरी जाऊन सांगितलं की वर्गात मी हिची नक्कल करते, आणि आता ही मला टोमणा मारतेय.

"सॉरी गं," मी पुटपुटले. वाकून वही दाराखालून आत ढकलली. ती अर्धी गेली आणि अडली.

मग... आतून कोणीतरी ती ओढून घेतली. हळू. एकेक बोट.

मी निघून आले. आतून आवाज आला होता ना. म्हणजे ठीकच असणार.

शनिवार. सोमवार. मंगळवार. बुधवार. हजर, हजर, हजर, हजर.

वास वाढत गेला. सगळ्यांनी तक्रार केली. कोणी म्हणे ड्रेनेज तुंबलंय, कोणी म्हणे उंदीर मेलाय. प्लंबर येऊन जाळी उघडून बघून गेला. "इथून नाही येत," म्हणाला, आणि जाळी परत लावली. आम्ही बाथरूममध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या. टाचणी नाकाला रुमाल लावून म्हणाली, "सत्तावीस ताई, आता बऱ्या झाल्या असाल तर आंघोळ करा."

आम्ही हसलो. मीसुद्धा.

मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा त्या दारावर थाप मारली आणि वॉर्डन मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडमनी मेसची यादी काढून दाखवली. "रोज नाश्त्याला येतेय की ती. खोलीत नसेल तेव्हा तुम्ही वाजवलं असेल."

परत आल्यावर मावशी माझ्याकडे बघून तेवढंच म्हणाल्या, "तूच ओ देतेस ना तिची?"

गुरुवारी सकाळी ब्रश करायला गेले तर माझ्या पेल्यात माशी होती. मोठी, हिरवट. ब्रशच्या केसांवर बसली होती. हाकलली तर उडेना. जड झाली होती.

मी ब्रश फेकून दिला. नुसत्या पाण्याने चूळ भरली. पण तोंडातली चव जाईना. गोडसर. चिकट. दुधावरची जुनी साय टाळूला लागून राहावी तशी.

त्या दिवशी मी ठरवलं, आता बस. आज ओ द्यायची नाही. सरांना गैरहजरी कळू दे, ऑफिसला कळू दे, कोणीतरी मोठं माणूस जाऊन बघू दे. मला स्वतः जायचं नव्हतं, एवढंच त्यातलं खरं.

दहा चाळीस. सरांनी मस्टर उघडलं.

"पंचवीस."

"हजर."

"सव्वीस."

"हजर."

"सत्तावीस."

सगळे माझ्याकडे बघत होते. भोंग्याने भुवया उडवल्या. मी ओठ घट्ट मिटून घेतले. दात दातावर दाबले.

आणि माझी जीभ... आतल्या आत सुजली.

असंच वाटलं. माझी नव्हतीच ती. जाड, थंड, फुगलेली. घशातून ती गोडी वर आली आणि नाकात भरली. जबडा सैल पडला. मी काही केलं नाही. तो आपोआप उघडला.

"ख्हं... ख्हं... हजर, सर."

वर्ग हसला. सरांनी टिक केली.

"अठ्ठावीस."

मी तोंडावर हात दाबून बाहेर पळाले.

वर्गाच्या दाराशी एक बाई उभ्या होत्या. साठीच्या आतल्या. गळ्यात शिवणकामाची मोजपट्टी तशीच राहिली होती, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. काम टाकून उठून आलेल्या. आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं.

"बाळा, आत माझी मुलगी आहे ना? ऑफिसात म्हणाले, सत्तावीस नंबर. आत्ता आवाज आला तिचा."

मी तोंडावरचा हात काढला नाही.

"सर्दी दिसतेय अजून. आठ दिवस फोन बंद हिचा. मी ऑफिसात रोज फोन करायचे, तर तिथले क्लार्क म्हणायचे, रोज हजर आहे, उगाच काळजी करता. शेवटी म्हटलं, आवाज ऐकल्याशिवाय चैन नाही पडायचं." त्यांनी सुस्कारा सोडला. "ऐकला बाई एकदाचा."

मी तिथेच भिंतीशी ओकले. त्यांनी माझी पाठ चोळली. मोजपट्टीचं टोक माझ्या गालाला लागत होतं.

"सावकाश. पित्त झालंय का? सकाळी काही खाल्लंस का?"

खाल्लं होतं. अंडं.

त्या लेक्चर संपेपर्यंत दाराशी थांबल्या. मी पायऱ्यांवर बसून होते. मुलं बाहेर पडायला लागली. त्या प्रत्येकीकडे बघत होत्या. हसू तसंच होतं. मग थोडं कमी झालं. मग सगळ्यात शेवटी सर बाहेर आले, दिवे बंद झाले. तरी त्या आत वाकून बघत होत्या.

तेव्हा मी उठले आणि त्यांना हॉस्टेलवर घेऊन गेले.

सुताराने कडी काढली. जास्त लिहीत नाही. खिडकीची काच आतून काळी दिसत होती, आणि ती काळी नव्हती, माशांनी भरलेली होती. सत्तावीस दाराजवळ जमिनीवर होती, बिछान्यापासून दारापर्यंत सरपटत आलेली. टाइल्सवरून काहीतरी ओघळून दाराकडे आलं होतं आणि सुकलं होतं.

तिच्या गालाखाली वही होती. मी ढकललेली. पानं गालाला चिकटली होती.

डॉक्टर म्हणाले, मृत्यूला सहा ते आठ दिवस झालेत. उकाडा आहे, नक्की सांगता येत नाही.

मी शुक्रवारी दार वाजवलं, त्याला बरोबर सहा दिवस झाले होते.

हा हिशोब मी आठ वर्षं मांडते आहे. आठ दिवस असतील तर शुक्रवारी आतून कोण बोललं? वही कोणी ओढली? आणि सहा असतील, तर ती जिवंत होती. दारापर्यंत सरपटत आली होती. आणि मी सॉरी म्हणून निघून आले.

यातलं कोणतं खरं असावं असं मला वाटतं, ते मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी वॉर्डन मॅडमच्या खोलीत तिची आई बसली होती. रडत नव्हती. मोजपट्टी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"पण मी आवाज ऐकला," ती परत परत म्हणत होती. "माझ्या कानांनी."

कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं असणार. ती वळली.

"तू काढला होतास?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ती मला शिव्या देईल असं वाटलं. मारेल. माझी तयारी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे.

"परत काढ ना," ती म्हणाली. "एकदाच. तसाच."

मी तोंड उघडलं. नाक दाबलं, घसा खाकरला. हजर, सर.

माझाच आवाज आला. पुन्हा केलं. पुन्हा माझाच.

ती मान हलवत राहिली. "नाही. हा नाही. मघाचा होता तो."

सत्तावीसच्या हजेऱ्या नऊ भरल्या. परीक्षेला बसण्यापुरत्या झाल्या होत्या. ऑफिसने ते पत्र तिच्या नावाने हॉस्टेलच्या फळ्यावर लावलंही होतं. कोणीतरी नंतर काढलं.

वकील, टाचणी आणि मी पुढे कधी एका टेबलावर बसलो नाही. टाचणीने अंडं सोडलं. मीही. घरात उकडत ठेवलं तरी मी गॅलरीत जाऊन उभी राहते.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. जूनपासून... नाही, त्याच्याही आधीपासून, सकाळी उठली की तिच्या तोंडाला वास येतो. गोडसर. मी रोज हुंगून बघते. नवरा म्हणतो, "कुत्र्यासारखं काय हुंगतेस पोरीला? झोपेतून उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला येतो." दातांच्या डॉक्टरांनी तपासलं. "दात मोत्यासारखे आहेत. आईंनीच जरा झोप काढावी," म्हणाले. नवरा हसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आता नातीला मांडीवर घेतात तेव्हा तिचं तोंड पलीकडे वळवून घेतात. मी बघते आहे.

गेल्या सोमवारी तिच्या बालवाडीच्या बाईंनी मला थांबवलं.

"गोड आहे हो तुमची. पण एक गंमत करते. घरी कोणी शिकवलंय का?"

"काय?"

"आमच्या वर्गात एकवीस मुलं. हजेरी संपली, मी वही मिटली की ही जरा वेळ थांबते. मनात काहीतरी मोजल्यासारखी. आणि मग मोठ्या माणसासारखा घसा साफ करते. दोनदा."

माझ्या हातातून तिची पाण्याची बाटली पडली.

"आणि म्हणते, हजर, सर." बाई हसल्या. "मी म्हटलं, अगं, मी सर नाही, बाई आहे. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तुम्हाला नाही सांगत."

घरी येताना मी तिला विचारलं, तू कोणाला सांगतेस गं? ती माझा हात धरून चालत होती. तिने खांदे उडवले.

"ती म्हणते, आता तू दे."

"कोण म्हणते?"

ती फुटपाथवरच्या फरशा मोजत होती. विसाव्या फरशीवर थांबली, आणि तिथे दार असल्यासारखी हवेत दोनदा मूठ वाजवली.

मावशींचा पत्ता शोधला. त्या हॉस्टेल सोडून गेल्यात, कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी तेव्हा उपायही सांगितला असता कदाचित. मी विचारलाच नव्हता.

सत्तावीसने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक मी नऊ दिवस केली. दुसरीला वीस पावलं लागत होती.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या मजल्यावर, तुमच्या वर्गात, शेजारच्या खोलीत असं कोणी आहे का, ज्याचा बरेच दिवस फक्त आवाज येतोय? फोनवर "ठीक आहे" म्हणणारं? दाराआडून "हो, येते" म्हणणारं? ज्याच्या नावापुढे रोज टिक होते, पण चेहरा कोणी बघितलेला नाही?

हे वाचून झालं की जा. दार वाजवा. आतून आवाज आला म्हणून परत फिरू नका. मी फिरले होते.

दार उघडायला लावा. डोळ्यांनी बघा.

आणि बघून आलात की मला एवढंच कळवा... आत कोणी होतं ना?